परदेशगमनाचे दाखले आणि हैदराबादचा प्रवासी

परदेशी निघालेल्या मुलाची पाठवणी हा हैदराबादेतील मराठी घरांच्या आता नित्य परिचयाचा प्रसंग झाला आहे. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला यांच्या पुड्या बांधल्या जातात. गरम कपड्यांची चर्चा होते. वडीलधारी मंडळी देवापुढे नारळ ठेवावयास सांगतात. तथापि या साऱ्यांहून अधिक काळजीने जपली जाते ती एक साधी पिशवी. तीत पारपत्र असते, त्यावरील व्हिसा असतो, विद्यापीठाचे पत्र, बँकेचा हिशेब, लस टोचल्याचा दाखला आणि जन्मतारखेचा पुरावा असतो. एखादे वेळी पेटी हरवली तरी माणूस पुढे जाऊ शकतो. ही पिशवी हरवली, तर तो जागच्या जागी थांबतो. कागदाला हे सामर्थ्य केव्हा आणि कसे प्राप्त झाले, त्यापूर्वी प्रवाशाला कोणत्या कसोट्यांस उतरावे लागे, आणि हैदराबादसारख्या संस्थानी नगरातील माणसाच्या वाट्याला या बाबतीत कोणते वेगळे अनुभव आले, यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परदेशगमनाची तयारी म्हणजे सामानाची बांधाबांध, असे आपण मानतो. परंतु इतिहासाकडे पाहिले असता ती प्रामुख्याने ‘आपण कोण?’ या प्रश्नाचे उत्तर सिद्ध करण्याची तयारी होती, असे दिसून येते. प्रश्न तोच राहिला; विचारणारा मात्र काळानुसार बदलत गेला. कधी जातीने विचारले, कधी वैद्याने, कधी सावकाराने, तर कधी सरकारने.

१

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातून इंग्लंड-अमेरिकेस जाणाऱ्या माणसाला पारपत्राची सक्ती नव्हती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या आणि जून महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचल्या. वयाची अठरा वर्षे नुकतीच पुरी झालेली ही मुलगी पतीवाचून, एका मिशनरी बाईंच्या सोबतीने, वैद्यक शिकण्यासाठी निघाली होती. तिच्याजवळ आजच्या अर्थाचे पारपत्र असण्याचे कारणच नव्हते. मात्र निघण्यापूर्वी फेब्रुवारी महिन्यात श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत, तेथे हिंदू म्हणून राहता येईल काय, परत आल्यावर बहिष्कार पडला तर काय, या शंकांना तिला उत्तरे द्यावी लागली. त्या काळचा प्रवेशपरवाना हा असा होता. तो परक्या देशाने मागितलेला नव्हता. आपल्याच समाजाने मागितलेला होता, आणि तो जातानापेक्षा परतताना अधिक कसोशीने तपासला जाई.

याचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण गोदावरीच्या काठचे आहे. महात्मा गांधी १८८८ साली बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मुंबईतील त्यांच्या जातीने त्यांना बहिष्कृत केले. १८९१ साली ते परतल्यावर वडीलबंधूंनी त्यांना राजकोटला नेण्यापूर्वी नाशिकला नेले आणि गोदावरीत शुद्धिस्नान घडविले. मुंबईच्या बंदरावर कोणा अधिकाऱ्याने त्यांचा कागद पाहिला नसेल. परंतु घरात शिरण्यापूर्वी नाशिकच्या घाटावर त्यांना जणू परतीचा शिक्का उमटवून घ्यावा लागला.

हैदराबादच्या माणसाला याखेरीज आणखी एक सरहद्द ओलांडावी लागे. मराठवाड्यातील व हैदराबाद शहरातील मराठी माणूस आपल्या राज्यास मोगलाई म्हणे, आणि सोलापूर-पुण्याकडच्या ब्रिटिश मुलखाला नुसते ‘इंग्रजी’ म्हणे. १८७४ साली वाडीपासून हैदराबादपर्यंत लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबईच्या बंदराची वाट सुकर झाली खरी; तरी मोगलाईतून इंग्रजीत जाणे हे एका अर्थी परराज्यात जाणेच होते. करोडगिरीच्या नाक्यावर मालाची तपासणी होई. १८०२ च्या व्यापारी तहापासून शेकडा ५ हा जकातीचा दर ठरलेला होता. खिशातील हाली शिक्का पुढे उपयोगी पडत नसे. तो देऊन कलदार रुपया घ्यावा लागे. सरासरी अधिकृत भावाने ११६ रुपये १० आणे ८ पै हाली म्हणजे १०० रुपये कलदार, म्हणजेच सात हालींस सहा कलदार. आज विमानतळावर रुपये देऊन डॉलर घेणाऱ्या प्रवाशाला जो हिशेब करावा लागतो, तो आपल्या पणजोबांना मुंबईस जाताना करावा लागत असे, हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

ही सरहद्द केवळ पैशांची नव्हती. आनंदीबाई ज्या वर्षी अमेरिकेस निघाल्या, त्याच १८८३ साली हैदराबादेतील विख्यात शिक्षणतज्ज्ञ डॉ. अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना निजाम सरकारने राज्याबाहेर घालविले. चांदा रेल्वेच्या योजनेसंबंधी त्यांनी सार्वजनिक चर्चा उपस्थित केली, हा त्यांचा अपराध. पुढे त्यांना परत येता आले. त्यांची कन्या सरोजिनी हिला मात्र त्याच दरबाराच्या शिष्यवृत्तीने १८९५ साली इंग्लंडला पाठविले. एकाच घरातील पित्याला हद्दपारी आणि कन्येला परदेशगमनाचे साहाय्य, दोन्ही एकाच दरबाराकडून मिळावीत, यावरून त्या काळी जाणे-येणे हा हक्क नसून राजाची मर्जी होती, हे उघड होते.

२

कागदांची सक्ती प्रथम मोठ्या प्रमाणावर कोणावर आली, असे विचारले, तर उत्तर विद्यार्थी अथवा व्यापारी असे येत नाही; ते हाजचे यात्रेकरू असे येते. हैदराबाद संस्थानातून मुंबईमार्गे मक्केस जाणाऱ्यांचा ओघ मोठा होता, आणि त्यांत उस्मानाबाद, बीड, नांदेड, औरंगाबाद या मराठी मुलखातील मुसलमानही असत. १८६५ साली मक्केत पटकीची भयंकर साथ उद्भवून ती युरोपापर्यंत पसरली. पुढील वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषद भरली, आणि तेव्हापासून यात्रेकरूच्या देहाकडे साथीचा वाहक म्हणून पाहण्यास आरंभ झाला. तांबड्या समुद्रातील कामरान बेटावर हिंदुस्थानातून जाणाऱ्या बोटी थांबवून प्रवाशांना क्वारंटीनमध्ये ठेवीत. १८९६ साली मुंबईत ग्रंथिज्वर उद्भवला. त्यानंतरच्या वर्षी व्हेनिस येथे भरलेल्या परिषदेने बंदरांवरील वैद्यकीय तपासणीचे नियम अधिक कडक केले.

दुसरा प्रश्न परतीचा होता. घरदार विकून निघालेले कित्येक गरीब यात्रेकरू जिद्द्याला अडकून पडत आणि त्यांना परत आणण्याचा भार सरकारवर येई. म्हणून १९२० नंतरच्या दशकात परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत रक्कम, ही अट कायद्याने घालण्यात आली. आज व्हिसाचा अर्ज करताना परतीच्या तिकिटाचा आणि आरोग्याचा जो दाखला मागितला जातो, त्याचे एक मूळ या यात्रेकरूंच्या कष्टांत आहे. श्रीमंत विद्यार्थ्यांना जे पुढे मागण्यात आले, ते गरीब यात्रेकरूंना आधी मागण्यात आले होते.

याच संदर्भात हैदराबादची एक विशेष गोष्ट नमूद केली पाहिजे. निजामांनी मक्का-मदिना येथे आपल्या प्रजाजनांसाठी रुबात, म्हणजे धर्मशाळा, राखल्या होत्या. संस्थान १९४८ साली विलीन झाले आणि १९५६ साली त्याचे तीन भाग तीन राज्यांत गेले. तरीही मक्केतील रुबातीत विनामूल्य उतरण्याची सवलत पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील जिल्ह्यांच्या यात्रेकरूंना मिळत आली आहे. तेलंगणातील यात्रेकरूच्या शेजारी मराठवाड्याचा आणि कलबुर्ग्याचा यात्रेकरूही तिचा लाभ घेतो. नकाशावरून पुसलेली सरहद्द अशा रीतीने परक्या देशातील एका इमारतीच्या दारात जिवंत राहिली आहे.

३

पहिल्या महायुद्धाने प्रवासाचे स्वरूप पालटले. युद्धकाळात सर्वच राष्ट्रांनी सरहद्दी बंद केल्या आणि पारपत्रावाचून हालचाल अशक्य झाली. लोकमान्य टिळकांचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे. १९१८ च्या वसंतात होमरूलच्या शिष्टमंडळासह ते विलायतेस निघाले. नरसिंह चिंतामण केळकर आणि दादासाहेब खापर्डे त्यांच्यासमवेत होते. मंडळी कोलंबोपर्यंत पोहोचली आणि तेथे पारपत्रे रद्द झाल्याची वार्ता आली. समुद्र समोर, तिकिटे हाती, आणि तरीही परत फिरावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात चिरोलवरील दाव्याच्या निमित्ताने टिळकांना जाऊ देण्यात आले, परंतु राजकीय चळवळ न करण्याच्या अटीवर. गांधींना १८८८ साली जातीने अडविले होते. टिळकांना तीस वर्षांनी सरकारने अडविले. या दोन घटनांच्या मधल्या काळात परवानगी देणाऱ्याचे आसन बदलून गेले होते.

युद्ध संपल्यावर ही बंधने उठतील, अशी अनेकांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. १९२० साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने पारपत्राच्या पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला; त्याच वर्षी हिंदुस्थानातही पारपत्राचा कायदा झाला. तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था कायमची झाली.

येथे हैदराबादच्या माणसापुढे एक विलक्षण कोडे उभे राहिले. तो ब्रिटिश हिंदुस्थानचा रहिवासी नव्हता. त्याचा राजा निजाम. परंतु निजामाचे राज्य परराष्ट्र-व्यवहारात स्वतंत्र नसल्यामुळे निजामाच्या नावाचे पारपत्र जगात कोठे चालणारे नव्हते. म्हणून संस्थानी प्रजाजनाला ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारकडून पारपत्र मिळे, आणि त्यात त्याची नोंद ‘ब्रिटिश प्रजाजन’ अशी न होता ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ अशी होई. त्यासाठी त्याला कोठीच्या रेसिडेन्सीचे दार गाठावे लागे. गंमत अशी की, शहरातील मराठी वस्तीचा एक मोठा भाग ज्या सुलतान बाजारात होता, तो रेसिडेन्सी बाजारांचा भाग १९३३ पर्यंत ब्रिटिश अमलाखालीच होता. रस्ता ओलांडला की हुकूमत बदले. घर एका राज्यात, बाजार दुसऱ्याच्या हुकमतीत, आणि पारपत्रावर तिसरेच विशेषण, अशी ही अवस्था होती. हैदराबादी माणसाला ‘आपण कोठले?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात कधीच देता आले नाही.

ज्यांना परतीची वाट मिळाली नाही, त्यांचेही स्मरण येथे केले पाहिजे. सरोजिनी नायडूंचे बंधू वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे हैदराबादेत जन्मलेले. १९०२ साली ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि क्रांतिकार्यात पडले. लंडन, पॅरिस, बर्लिन, मॉस्को असा त्यांचा प्रवास झाला. हैदराबाद त्यांना पुन्हा दिसले नाही. १९३७ साली रशियात त्यांचा अंत झाला. वऱ्हाड-नागपूरकडील पांडुरंग खानखोजे यांनी मेक्सिकोत कृषितज्ज्ञ म्हणून नाव मिळविले, परंतु मायदेशी पाऊल ठेवण्यास त्यांना स्वातंत्र्याची वाट पाहावी लागली. पारपत्राचा विचार आपण जाण्याच्या बाजूने करतो. त्याची खरी किंमत परत येऊ न शकणाऱ्याला कळते.

४

अमेरिकेने हिंदी प्रवाशाला कसे वागविले, हाही या इतिहासाचा एक भाग आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ साली अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून १९१२ साली परतले. हेच केतकर १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ते गेले, तेव्हा बंदरावरील अधिकारी मुख्यतः दोन गोष्टी पाहत: प्रवासी रोगी आहे काय, आणि तो सार्वजनिक खर्चावर भार होण्याचा संभव आहे काय. ही दुसरी अट अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्यापासून चालत आली आहे, आणि आज विद्यार्थ्याकडून बँकेतील शिल्लक मागितली जाते, तिच्यामागे हीच शंका उभी असते. १९१७ साली त्या देशाने आशियाच्या मोठ्या भागातील लोकांना स्थायिक होण्यास बंदी केली. विद्यार्थ्यांना त्यातून वगळले होते. १९४६ साली ही बंदी सैल झाली, ती वर्षाला अवघ्या १०० हिंदी माणसांपुरती.

परंतु प्रवेशाच्या अटींचा सर्वांत मर्मभेदी अनुभव परदेशातला नाही, तो घरचाच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. कोलंबिया विद्यापीठाने त्यांना जात विचारली नाही. करारानुसार ते बडोद्यास रुजू होण्यासाठी आले, तेव्हा मात्र त्या नगरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेरीस पारशी धर्मशाळेत पारशी नावाने नोंद करून त्यांना उतरावे लागले, आणि खरे नाव कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून घालवून दिले. शास्त्राने समुद्रगमनाचे प्रायश्चित्त ज्यांच्यासाठी सांगितले, त्या वर्गांत त्यांची गणना नव्हती. त्यांच्यावर लादलेली बंदी समुद्राची नव्हती. ती पाणवठ्याची आणि उंबरठ्याची होती.

याच बंदीचा दुसरा प्रसंग हैदराबाद संस्थानात घडला. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळ पाहण्यास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाने धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळील हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. तेवढ्यावरून ‘पाणी विटाळले’ असा गिल्ला झाला, लोक जमले, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण पाण्याला कोठे स्पर्श करू नये म्हणून बरोबर एक शस्त्रधारी शिपाई देण्यात आला. इंग्लंड-अमेरिकेच्या उच्च पदव्या घेऊन आलेल्या विद्वानाला स्वदेशातील एका किल्ल्यात असा सशर्त प्रवेश मिळाला. आपल्या अशा आठवणी त्यांनी एका छोट्या इंग्रजी लेखनात नोंदविल्या. हे लेखन त्यांच्या निधनानंतर, १९९० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्याचे नाव ‘व्हिसाच्या प्रतीक्षेत’ अशा अर्थाचे आहे. त्यात परराष्ट्राच्या वकिलातीचा उल्लेखही नाही, हे वाचकाच्या ध्यानी आल्यावर त्या नावाचा अर्थ मनात खोल उतरतो. जो समाज आपल्याच माणसाला सशर्त आत घेतो, त्याने परदेशाच्या अटींविषयी तक्रार करताना क्षणभर थांबले पाहिजे.

५

१९४७ नंतर हैदराबादच्या प्रवाशापुढील कोडे आणखी गहन झाले. निजामाने स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केला. नोव्हेंबरात भारताशी ‘जैसे थे’ करार झाला. त्या तेरा महिन्यांत सोलापूर हे हैदराबादला परदेश की स्वदेश, याचे उत्तर ज्याच्या त्याच्या निष्ठेवर अवलंबून होते. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांनी रझाकारांच्या भयाने घरे सोडून सरहद्दीपलीकडे आश्रय घेतला. त्यांनी कोणतेही पारपत्र घेतले नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रश्न मिटला, आणि २६ जानेवारी १९५० रोजी कालचा ‘संरक्षित व्यक्ती’ भारताचा नागरिक झाला. तो जागचा हलला नव्हता. सरहद्दीच त्याच्यावरून सरकून गेल्या होत्या.

याच्या उलट काहींना घरातल्या घरात परदेश निर्माण झाला. १९४८ साली पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवानापद्धती आली आणि ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पारपत्रे आवश्यक झाली. हैदराबादेतील अनेक मुसलमान कुटुंबांत एक भाऊ इकडे आणि एक भाऊ कराचीस, अशी स्थिती होती. बहिणीच्या लग्नाला येण्यासाठी भावाला व्हिसा मागावा लागू लागला.

नागरिकत्व मिळाले, तरी परदेशगमन हा हक्क झाला नव्हता. पारपत्र देणे-न देणे ही सरकारची इच्छा, अशीच स्वातंत्र्योत्तर काळातही समजूत होती. तिला छेद दिला तो सर्वोच्च न्यायालयाने. सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याने दाखल केलेल्या खटल्यात १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय झाला की, परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्यावाचून ते सरकारला हिरावून घेता येणार नाही. हा बहुमताचा निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश कोका सुब्बाराव हे १९५६ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश होते. म्हणजे हैदराबादच्या न्यायपीठावर बसलेले गृहस्थ. निर्णयानंतर काही आठवड्यांतच अध्यादेश निघाला आणि जून १९६७ मध्ये पारपत्राचा कायदा संमत झाला. १८८३ साली अघोरनाथांना हद्दपार करणाऱ्या हैदराबादपासून सुब्बारावांच्या या निर्णयापर्यंतचे अंतर ८४ वर्षांचे आहे. मर्जीचा हक्क होण्यास एवढा काळ जावा लागला.

हक्क मिळाला, पैसा मात्र अडलेला होता. परकीय चलनाच्या टंचाईमुळे त्या काळी निघालेल्या विद्यार्थ्याला हाती अवघे ८ डॉलर घेऊन जावे लागे, ही आठवण त्या पिढीतील पुष्कळजण सांगतात. पुढे निर्बंध सैल झाले. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने आखाती देशांत मजुरीस जाणाऱ्यांसाठी सरकारी तपासणीची अट घातली. तेलंगणातील हजारो मजुरांना तिचा परिचय आहे. २००८ साली शमशाबादचा विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी बेगमपेठेतील पैगा राजवाड्यात अमेरिकेची वकिलात उघडली. २०२३ साली ती नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत गेली. शहराजवळील चिलकूरच्या बालाजीला लोक ‘व्हिसा बालाजी’ म्हणू लागले, आणि मनोरथ सिद्धीस गेल्यावर १०८ प्रदक्षिणा घालणाऱ्या तरुणांची तेथे रांग लागते. आनंदीबाईंनी सभेत उत्तरे दिली, टिळकांनी कोलंबोत वाट पाहिली, आजचा तरुण प्रदक्षिणा घालतो. अनिश्चितता तीच आहे.

६

या सर्व विवेचनाचा शिक्षकवर्गाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे.

हैदराबाद संस्थानात जन्मलेल्या पिढीच्या नोंदी उर्दूत आणि फसली सनात होत्या. फसली सन इसवी सनाच्या सुमारे ५९० वर्षे मागे, आणि त्याचा वर्षारंभ ऑक्टोबरात. १३५७ फसली म्हणजे १९४७ ऑक्टोबर ते १९४८ ऑक्टोबर. वर्ष बदलताना हिशेब चुकला की माणूस एक वर्षाने लहान किंवा मोठा होई. मराठी नाव आधी उर्दू लिपीत, मग इंग्रजीत, असे दोनदा वेषांतर करून पारपत्रावर येई, तेव्हा ‘देशपांडे’ आणि ‘कुलकर्णी’ यांची अक्षरे प्रत्येक कागदावर वेगळी दिसत. त्यात जन्मस्थानाचा प्रश्न निराळा. १९४५ साली हैदराबादेत जन्मलेल्याचे राज्य त्याच्या हयातीत हैदराबाद, आंध्र प्रदेश आणि तेलंगण असे दोन वेळा बदलले आहे.

महाराष्ट्रात, विशेषतः खेड्यापाड्यांत, १ जून या दिवशी जन्मलेल्यांची संख्या किती मोठी आहे, हे शाळांच्या नोंदवह्या पाहिलेल्यांना सांगावयास नको. बापाला तारीख ठाऊक नसे. गुरुजी मुलाकडे पाहून वर्ष ठरवीत आणि शाळाप्रवेशास सोयीची म्हणून १ जून ही तारीख लिहीत. ती लिहिणाऱ्या हाताला वाटले असेल की, आपण केवळ एक रकाना भरीत आहोत. परंतु चाळीस वर्षांनी तोच रकाना न्यूयॉर्कच्या किंवा दुबईच्या अधिकाऱ्यापुढे उघडला गेला. शाळा सोडल्याचा दाखला हा कित्येक कुटुंबांचा पहिला आंतरराष्ट्रीय दस्तऐवज ठरला. एवढेच नव्हे, उत्प्रवास कायद्याखालील तपासणीतून कोणास सूट मिळावी, हे ठरविताना दहावी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र निर्णायक मानले जात आले आहे. नववीत शाळा सुटलेला मुलगा आणि दहावी झालेला मुलगा यांच्या पारपत्रांत पडलेला फरक आखातातील त्यांच्या नशिबातही पडतो.

आता हा अधिकार शाळेच्या हातून हळूहळू निसटत आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत पारपत्रासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मदाखला ग्राह्य धरावयाचा, असा नियम २०२५ साली झाला. तथापि त्यापूर्वी जन्मलेल्या कोट्यवधी लोकांच्या हयातीत गुरुजींच्या अक्षराला मान राहणार आहे. आज शाळांत बसलेली जवळजवळ सर्व मुले त्यांतच येतात. त्यांच्या नावांची शुद्ध नोंद, आईचे-वडिलांचे नाव, जन्मगावाचे नाव ही तपासून घेणे, आणि चुकीच्या नोंदी वेळीच दुरुस्त करून देणे, हे काम नीरस दिसते. पण मुलाच्या पुढील आयुष्यातील एक दार त्यावर उघडते वा बंद होते.

जातीचा दाखला मागणारा घाट, करोडगिरीचा नाका, रेसिडेन्सीचे दार, कामरानचे क्वारंटीन, दौलताबादचा हौद आणि नानकरामगुड्याची रांग, या सर्व ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेला. त्यांपैकी काही ठिकाणे इतिहासजमा झाली, काही अजून आहेत. परक्या देशाने तो विचारावा, हे समजण्याजोगे आहे. आपल्या गावाने आपल्या मुलाला तो विचारू नये. आणि जेव्हा तो विचारला जाईलच, तेव्हा त्याच्या हाती निदान त्याचे स्वतःचे खरे नाव, नीट लिहिलेले, असावे. एवढी तयारी शाळेच्या पहिल्याच दिवशी करून देता येते.